बाकाचे भाडे

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला येणाऱ्यांच्या हाती एक छोटे कार्ड दिले जाते. त्यावर नाव लिहायचे, येत्या वर्षात आपण दर आठवड्याला किंवा दर महिन्याला किती डॉलर देणार तो आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. ठरलेल्या रविवारी ही कार्डे तबकात गोळा होतात, वेदीवर ठेवली जातात, त्यांच्यावर प्रार्थना म्हटली जाते आणि मग ती खजिनदाराकडे जातात. खजिनदार बेरीज करतो. ऑर्गन वाजवणाऱ्याला पुढल्या वर्षी पूर्ण पगार द्यायचा की अर्धा, बॉयलर बदलायचा की आणखी एक हिवाळा तसाच ढकलायचा, हे त्या बेरजेवरून व्हेस्ट्री ठरवते. व्हेस्ट्री म्हणजे मंडळीने निवडून दिलेले पंच.

या कार्डावरच्या आकड्याला तिकडे प्लेज म्हणतात आणि त्याभोवतीच्या मोहिमेला स्ट्यूअर्डशिप. दुसऱ्या शब्दाची मराठीत अडचण नाही. मराठी बायबलात स्ट्यूअर्डला 'कारभारी' म्हटले आहे: मालमत्ता धन्याची, सांभाळणारा कारभारी. (नवऱ्याला कारभारी म्हणणाऱ्या आपल्या खेड्यांतल्या बायकांना ही शिकवण फार समजावून सांगावी लागू नये.) प्लेज मात्र मला बरेच दिवस छळत होता. मी अनुवादाचे काम करते, आणि अमेरिकन कादंबऱ्यांत हा शब्द वाटेत आडवा येतोच. कोशात वचन, प्रतिज्ञा, तारण असे अर्थ आहेत. 'दान' तर आपोआप ओठांवर येते. पण हे दान नाही. दान देणाऱ्याच्या हातून सुटते आणि दुसऱ्याचे होते. प्लेजचा पैसा देणाऱ्यांच्याच छपरावर आणि देणाऱ्यांच्याच पाळकाच्या पगारावर खर्च होतो. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वर्गणी. वर्गणीत देणारा आणि घेणारा एकच समूह असतो. देणाऱ्याला हिशेब विचारता येतो, आणि न देणाऱ्याकडे चार लोक जरा वळून पाहतात. हा शब्द हाती लागल्यावर या चर्चच्या इतिहासातल्या पुष्कळ गोष्टी मला नव्याने दिसू लागल्या.

एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या चर्चची अमेरिकेतली लेक. स्वातंत्र्ययुद्धानंतर राजाशी नाते तुटले आणि १७८९ मध्ये तिने आपली स्वतंत्र घटना केली. त्याआधी व्हर्जिनियासारख्या वसाहतीत हे सरकारी चर्च होते. पाळकाचा पगार कायद्याने ठरलेला, वर्षाला सोळा हजार पौंड तंबाखू, आणि तो सर्वांकडून करातून वसूल होई. गावातले अनाथ, म्हातारे, लुळेपांगळे यांची सोय करणे हेही व्हेस्ट्रीचेच सरकारी काम होते. क्रांतीनंतर करही गेला आणि ते कामही हळूहळू गेले. चर्च चालवायचे कशावर, हा प्रश्न उरला. शहरांत त्याचे उत्तर आधीपासून तयार होते: बसायचे बाक विकायचे किंवा भाड्याने द्यायचे.

१८४६ मध्ये न्यूयॉर्कात ब्रॉडवेवर ग्रेस चर्चची नवी गॉथिक इमारत उघडली. शहराचे माजी महापौर फिलिप होन यांची रोजनिशी त्या काळच्या न्यूयॉर्कचा आरसाच आहे. होन लिहितात की तिथले काही बाक बाराशे ते चौदाशे डॉलरला विकले गेले, वर किमतीच्या आठ टक्के वार्षिक भाडे वेगळे. कोळी आणि कारागीर यांच्याकडून आपल्यापर्यंत आलेला देवाचा शब्द ऐकायला या देखण्या मंदिरात दर रविवारी तीनेक डॉलर पडतात, असा हिशेब त्यांनी मांडला आहे. होन स्वतः याच वर्गातले, त्यामुळे ही थट्टा घरातली आहे. बाक ही तेव्हा स्थावर मालमत्ता होती. ती विकता येई, वारसाला देता येई. गरिबांसाठी जागा असलीच तर मागे किंवा वरच्या सज्जात.

त्याच वर्षी, तिथून पायी वीसेक मिनिटांवर, सहाव्या ॲव्हेन्यूवर चर्च ऑफ द होली कम्युनियन उघडले. विल्यम ऑगस्टस म्यूलेनबर्ग हे त्याचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक. इथे एकही बाक विकायचा नाही, भाड्याने द्यायचा नाही, जो आधी येईल तो बसेल, हा नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवला. आज यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा मात्र हे चर्चच्या उत्पन्नाच्या मुळावरच घाव घालण्यासारखे होते. इमारतीचा पैसा म्यूलेनबर्ग यांच्या विधवा बहिणीने दिला होता. मोफत बाकांचे चर्च असावे ही तिच्या नवऱ्याची शेवटची इच्छा.

१८४६ च्याच ऑक्टोबरात, संत लूकच्या दिवशी, म्यूलेनबर्ग यांनी मंडळीला सांगितले की आजच्या दानातला अर्धा भाग गरिबांच्या इस्पितळासाठी बाजूला ठेवतो. तबकात तीसेक डॉलर पडले होते. पंधरा डॉलरवर इस्पितळ काढणाऱ्याला लोक हसले असतील तर नवल नाही. पण बारा वर्षांनी, १८५८ मध्ये, पाचव्या ॲव्हेन्यूवर सेंट ल्यूक्स हॉस्पिटल उघडले. तिथली शुश्रूषा ॲन आयर्स आणि तिच्या भगिनीसंघाने सांभाळली. प्रोटेस्टंट पंथातली स्त्री अविवाहित राहून सेवेचे व्रत घेते याचा तेव्हाच्या सभ्य समाजाला धक्का बसला होता. संस्थेची नावे आणि जागा बदलत गेल्या, पण ते इस्पितळ मॅनहॅटनमध्ये आजही आहे.

मोफत बाकांची कल्पना पसरली, पण तिच्यामागे बहुधा कोणीतरी श्रीमंत उभा असे. सेंट जॉर्जेस चर्चची गोष्ट याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. १८८३ मध्ये त्या मोडकळीला आलेल्या मंडळीने विल्यम रेन्सफर्ड या आयरिश पाळकाला बोलावले. त्यांनी तीन अटी घातल्या. सगळे बाक मोफत करा, व्हेस्ट्री सोडून सगळ्या समित्यांनी राजीनामे द्या, आणि माझ्या मर्जीने खर्च करायला तीन वर्षे दरसाल दहा हजार डॉलर द्या. समोर जे. पी. मॉर्गन बसले होते, अमेरिकेतले सर्वांत बलाढ्य बँकर. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

पुढे रेन्सफर्ड यांनी व्हेस्ट्री मोठी करून तिच्यात एखादा कामगारही घ्यावा असा आग्रह धरला, तेव्हा मात्र मॉर्गन अडले. त्यांना व्हेस्ट्री उलट लहान हवी होती, आपल्या अभ्यासिकेत बसवता येईल अशा मोजक्या सद्गृहस्थांची. मतदानात ते हरले. त्यांनी राजीनामा पाठवला, रेन्सफर्ड यांनी तो स्वीकारला नाही, आणि दोघे ठरल्याप्रमाणे एकत्र न्याहारी करत राहिले. रेन्सफर्ड यांनी हे सगळे आत्मचरित्रात सांगितले आहे. मला या प्रसंगात मॉर्गन यांचे वागणे खोटे वाटत नाही. चर्चमध्ये कोण कुठे बसतो याची त्यांना फिकीर नव्हती. पैशाचा निर्णय कोण घेतो ही जागा मात्र त्यांना सोडायची नव्हती. १८९४ मध्ये याच चर्चने हॅरी बर्ले या कृष्णवर्णीय गायकाला मुख्य गायक नेमले. मंडळीत त्याला विरोध झाला, पण बर्ले तिथे बावन्न वर्षे गायले. मॉर्गन यांच्या अंत्यविधीलाही तेच गायले.

बसण्याच्या जागेची सर्वांत कडवट गोष्ट मात्र फिलाडेल्फियातली आणि शंभर वर्षे जुनी आहे. तिची सुरुवात वर्गणीने होते. १७८७ च्या एप्रिलमध्ये ॲब्सलॉम जोन्स आणि रिचर्ड ॲलन या दोघांनी, दोघेही पूर्वी गुलाम असलेले, फ्री आफ्रिकन सोसायटी काढली. प्रत्येक सभासदाने महिन्याला चांदीचा एक शिलिंग द्यायचा. वर्ष भरले की गरजू सभासदाला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळणार. जोन्स यांनी आधी बायकोचे स्वातंत्र्य विकत घेतले होते आणि कैक वर्षांनी ते स्वतः मुक्त झाले. अशा माणसाला महिन्याचा एक शिलिंग म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. ही मंडळी सेंट जॉर्ज नावाच्या एका मेथडिस्ट चर्चला जात. (मॉर्गन यांच्या चर्चशी त्याचा संबंध नाही, फक्त नाव सारखे.) तिथे भर प्रार्थनेत गुडघ्यांवर असलेल्या जोन्स यांना ही जागा तुमची नव्हे म्हणून ओढून उठवण्यात आले. मग सगळे उठून बाहेर पडले. त्यांतून १७९४ मध्ये सेंट थॉमस हे आफ्रिकी एपिस्कोपल चर्च उभे राहिले आणि जोन्स पुढे एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय पाळक झाले. त्यांना चर्च म्हणून मान्यता मिळाली, पण प्रांताच्या सभेत बसायची जागा नाही, या अटीवर. ती जागा मिळायला १८६० चे दशक उजाडले.

फ्री आफ्रिकन सोसायटीच्या नियमांत एक वाक्यांश आहे, त्यापाशी मी दर वेळी थांबते. मदत मिळेल, पण गरज स्वतःच्या बेफिकिरीतून आलेली नसेल तर. हा नियम करणारे लोक ज्या शहरात राहत होते तिथे त्यांच्यातल्या एकाची चूक सगळ्यांच्या माथी मारली जाई. त्यांना ही अट का घालावीशी वाटली असेल ते समजते.

हीच अट धनवानाच्या मृत्युपत्रात भेटते तेव्हा तिचा सूर वेगळा लागतो. १७९२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन लीक यांनी चर्चला एक हजार पौंड ठेवले. त्याच्या व्याजातून सहा पेन्सचे गव्हाचे पाव आणून दर रविवारी उपासनेनंतर वाटायचे, सर्वांत पात्र दिसतील अशा गरिबांना. हे पाव ट्रिनिटी चर्चच्या छत्राखाली शंभरहून अधिक वर्षे वाटले गेले, पुष्कळ काळ ट्रिनिटीच्याच सेंट जॉन्स चॅपेलमधून. पावासाठी रांगेत उभे राहायचे आणि पात्र दिसायचे. पात्र कसे दिसतात? फाटका कोट चालेल, पण तोंडाला दारूचा वास नको, असे काहीसे असावे.

आणि पाव वाटणारे ट्रिनिटी स्वतः काय होते? १७०५ मध्ये राणी ॲनकडून मिळालेली मॅनहॅटनची शेतजमीन त्याच्याकडे होती. शहर त्या जमिनीवर वाढले आणि चर्च गडगंज झाले. १९०८ मध्ये चार्ल्स एडवर्ड रसेल या पत्रकाराने ट्रिनिटीच्या जमिनीवरच्या चाळींबद्दल लिहिले: अंधाऱ्या, ओल आलेल्या, माणसांनी गच्च भरलेल्या. त्याच सुमारास ट्रिनिटीने सेंट जॉन्स चॅपेल बंद करायचे ठरवले आणि शहरात ओरड झाली. या गदारोळानंतर १९०९ मध्ये, अनेक दशकांत पहिल्यांदा, ट्रिनिटीने आपला हिशेब छापून लोकांपुढे ठेवला. जमिनीवर चालणाऱ्या चर्चला वर्गणी लागत नाही. वर्गणी नाही म्हणून हिशेब विचारणाराही नाही.

एपिस्कोपल बायकांनी मात्र पैशापैसा जमवून स्वतःचा निधी उभा केला. रोज एखाद्या चांगल्या गोष्टीबद्दल आभार मानून एक नाणे डबीत टाकायचे, अशी ती पद्धत. १८८९ मध्ये पहिल्यांदा सगळे एकत्र मोजले तेव्हा २,१८८ डॉलर ६४ सेंट भरले. त्यांतून अलास्कातल्या अँविकला चर्च बांधले गेले आणि लिझा लव्हेल नावाची मिशनरी जपानला गेली. ज्या महासभेच्या वेळी हे नाणे-नाणे मोजले गेले तिच्यात प्रतिनिधी म्हणून बसायचा हक्क बायकांना नियमाने मिळाला तो १९७० मध्ये.

१८८९ हे साल मराठी वाचकाला दुसऱ्या कारणाने ओळखीचे आहे. त्या वर्षी ११ मार्चला मुंबईत पंडिता रमाबाईंचे शारदा सदन उघडले, तेही अशाच वर्गणीवर. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडच्या चर्चमधला, आणि तिथल्या बिशपांच्या अधिकाराशी त्यांचा झालेला वाद प्रसिद्ध आहे. १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स होते, बोस्टनच्या ट्रिनिटी या एपिस्कोपल चर्चचे रेक्टर, ज्यांचे बेथलेहेमवरचे नाताळगीत आजही जगभर गातात. गावोगावी 'रमाबाई मंडळे' निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, आणि तो दहा वर्षे देईन असे आज लिहून द्यायचे. कार्डावरचा आकडा तोच, फक्त छप्पर दुसऱ्या खंडातले.

वर्गणी आली की हिशेबही आला. शारदा सदनात धर्माचा प्रचार होणार नाही या समजुतीवर पैसे दिले गेले होते. १८९३ मध्ये पुण्यात धर्मांतराचा गवगवा झाला, रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि बोस्टनच्या कार्यकारी समितीच्या जुडिथ अँड्र्यूज स्वतः येऊन सदन पाहून गेल्या. रमाबाईंना ही तपासणी सुखाची गेली नसणार. पण दात्यांना हिशेब विचारता येतो हे तत्त्व अमेरिकेत त्यांनी जवळून पाहिले होते. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या त्यांच्या पुस्तकात तिथले धर्मपंथ आणि परोपकाराची कामे यांवर वेगळे प्रकरण आहे. दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली तेव्हा त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या.

बाकांचे भाडे विसाव्या शतकात मागे पडत गेले आणि कार्ड स्थिरावले. १९१९ मध्ये एपिस्कोपल चर्चने देशभर मोहीम काढून घरोघरी माणसे पाठवली. त्याआधी दोनच वर्षे सरकारने आपला हात लावला होता. १९१७ च्या युद्धकराच्या कायद्याने धर्मादाय देणगी उत्पन्नातून वजा करायला परवानगी दिली, आणि तेव्हापासून ३१ डिसेंबर ही चर्चचीही तारीख झाली. त्या दिवसाचा शिक्का पाकिटावर पडला तर चेक सरत्या वर्षाचा. गंमत अशी की चर्चचे स्वतःचे वर्ष तोवर महिनाभर जुने झालेले असते, कारण उपासनेचे वर्ष नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकालाने, सुरू होते. वेदीवर जांभळे किंवा निळे वस्त्र, पुष्पचक्रातल्या चारपैकी एकच मेणबत्ती पेटलेली, नाताळगीते अजून गायची नाहीत, वाट पाहायची. आणि शेजारच्या खोलीत खजिनदार वर्ष मिटवत बसलेला.

त्या महिन्यात वर्गणी आणि दान एकाच दारातून आत येतात. मागच्या भिंतीजवळच्या झाडावर कागदी चिठ्ठ्या लटकतात: मुलगी, सात वर्षे, कोटाचे माप अमुक. एक चिठ्ठी काढायची, कोट आणायचा, मुलगी कधी भेटत नाही. वेदीवरच्या लाल पॉइन्सेटियासाठी पैसे द्यायचे आणि आपल्या गेलेल्या माणसाचे नाव पत्रिकेत छापून घ्यायचे. ही यादी मला आवडते. देणाऱ्याचे नाव बारीक टाइपात असते आणि आकडा नसतोच. नाताळच्या आदल्या रात्री वर्षातून एकदाच येणाऱ्यांनी चर्च भरते, आणि त्या रात्रीचे तबक पुष्कळ ठिकाणी पूर्णपणे बाहेरच्यांसाठी राखलेले असते. शिवाय चर्चच्या कायद्यात एक जुनी तरतूद आहे. महिन्यातल्या एका रविवारी तबकात पडलेले सुटे पैसे पाळकाकडे जातात, गरिबांसाठी. कोणाला दिले हे तो मंडळीला सांगत नाही. ज्यांचे वीज बिल भरले ते कुटुंब कदाचित तिसऱ्याच बाकावर बसलेले असते.

न्यूयॉर्कात नवव्या ॲव्हेन्यूवर चर्च ऑफ द होली अपॉसल्स आहे. मंडळी लहान, पैसा जेमतेम. १९८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी भुकेल्यांना दुपारचे जेवण द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पस्तीसेक माणसे आली, पुढे रोजची हजारावर गेली. दारात तिकीट देतात ते मोजणीसाठी. कोण आहात, कशामुळे ही वेळ आली, असे विचारत नाहीत. इयन फ्रेझियर यांनी १९९० च्या दशकात इथे जेवायला येणाऱ्यांसाठी लेखनवर्ग सुरू केला आणि त्यावर पुढे लिहिलेही.

१९९० मध्ये या चर्चला आग लागली. छत गेले, रंगीत काचा गेल्या. दुरुस्ती चार वर्षे चालली, जेवण थांबले नाही. सगळे नवे झाल्यावर बाक परत बसवायचे की नाही हा प्रश्न आला, आणि मंडळीने ते बसवले नाहीत. मोकळ्या झालेल्या सभागृहात, वेदीच्या समोर, गोल टेबले लागली. म्यूलेनबर्ग यांच्या मोफत बाकांचे चर्च इथून फार लांब नाही. ते १९७० च्या दशकात मंडळीअभावी बंद पडले, विकले गेले, आणि १९८३ पासून तिथे लाइमलाइट नावाचा नाइटक्लब होता. तिथे आत जायला तिकीट लागे आणि कोणाला सोडायचे ते दारावरचा माणूस ठरवी. होली अपॉसल्समध्ये रविवारी उपासनेसाठी खुर्च्या मांडत, आणि सोमवारी सकाळी त्या उचलून टेबले लावत.